ऊस तुटतो तेव्हा बिबट्या हलतो

आश्विन वद्य द्वादशीला घरोघरी गाय-वासराची पूजा होते. जुन्नर, अकोले, आंबेगावच्या डोंगरपट्ट्यातल्या आदिवासी वाड्यांवर त्याच दिवशी वाघबारस असते. वाघोबाला शेंदूर लावायचा, नैवेद्य दाखवायचा, गुरांना सांभाळ म्हणून हात जोडायचे. गोठ्याची आठवण आणि गोठ्यावर येणाऱ्याची आठवण एकाच तिथीला.

ही तिथी सरते न सरते तोच कारखान्यांचे बॉयलर पेटतात, फडात कोयता पडतो आणि मळ्यातल्या वस्त्यांवर बिबट्या दिसू लागतो. वर्षभर उसात दडलेल्या जनावराचा आडोसा तोडणीबरोबर मोडतो. आज या गटातून, उद्या शेजारच्या गटातून ते उठते आणि कुणाच्या तरी अंगणातून वाट काढते. म्हणजे बिबट्याच्या त्रासालाही हंगाम आहे. हुमणी किंवा खोडकिडीच्या वेळा आपल्याला पाठ असतात, तशी ही वेळही पाठ असायला हवी. ऑक्टोबर ते मार्च या काळासाठी पुढचा सल्ला आहे.

तो जंगलातून येत नाही, उसातच राहतो

कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगाव जोगे या धरणांचे पाणी कालव्यांनी शिवारात आले आणि जुन्नर, आंबेगाव, शिरूरचा कोरडवाहू पट्टा उसाने हिरवा झाला. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा राहतो. त्यात दाट सावली, पाटाचे पाणी आणि माणसाचा वावर जवळजवळ नाही. बिबट्याला याहून जास्त काही लागत नाही. इथल्या अनेक बिबट्यांचा जन्मच उसात झालेला असतो, म्हणून ‘तो जंगलातून आला, जंगलात हाकलून द्या’ हा हिशेब मुळातच चुकतो.

विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातल्या शेतीपट्ट्यात कॅमेरे लावून मोजणी केली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे निघाले, तेही दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात अशा भागात. विष्ठा तपासून त्यांचा आहारही पाहिला गेला. त्यात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा, ३९ टक्के, कुत्र्यांचा होता आणि शेळ्यांचा ११ टक्के. वस्तीवर रात्री चक्कर मारणारा बिबट्या बहुतेक वेळा कुत्रे शोधत असतो. तुमच्या दारात कुत्री कशामुळे जमतात, हा प्रश्न इथूनच महत्त्वाचा होतो.

पिंजरा ही शेवटची फवारणी

बिबट्या दिसला की पहिली मागणी पिंजऱ्याची होते. मागणीमागची भीती खरी आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली, त्यांत लहान मुले होती. माणसावर वारंवार हल्ला करणारे जनावर हटवावेच लागते आणि तो निर्णय वन विभागाने वेळ न दवडता घ्यायचा असतो.

पण नुसता दिसला म्हणून पकडून दूर सोडण्याचा अनुभव जुन्नरने घेतला आहे. २००१ नंतर मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून इतरत्र सोडले गेले. आधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, ते सरासरी १७ वर गेले आणि जिथे बिबटे सोडले त्या भागांच्या आसपासही हल्ले होऊ लागले. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर बिथरते, परत फिरू पाहते. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढून माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या गळ्यात जीपीएस पट्टा घेऊन थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत चालत गेला. त्याने वाटेत कुणाला त्रास दिला नाही, पण जनावर सोडल्या जागी राहत नाही हे त्याने दाखवले. शिवाय एक नर उचलला की त्याची रिकामी हद्द दुसरा तरणा नर धरतो.

एकात्मिक कीड व्यवस्थापनात आपण फवारणीवर शेवटी येतो. आधी मशागत, पीकपद्धत, स्वच्छता, सापळे. इथेही क्रम तोच ठेवावा. आडोसा, खाद्य आणि तोडणीची पद्धत या तीन गोष्टी शेतकऱ्याच्या हातात आहेत.

तोडणीच्या वेळी

कारखान्याची तोडणीची चिठ्ठी आली की मुकादमाला गाठून फडाची माहिती द्या. या गटात ठसे दिसले का, रात्री कुत्री भुंकतात का, गेल्या वर्षी बछडे सापडले होते का, हे टोळीला माहीत नसते. ती शेकडो किलोमीटरवरून आलेली असते.

ठसा ओळखणे सोपे आहे. बिबट्याचा ठसा गोलसर, साधारण सात-आठ सेंटिमीटर रुंद असतो आणि त्यात नखे उमटत नाहीत. कुत्रा, कोल्हा, तरस यांच्या ठशात नखांच्या खुणा दिसतात.

• दिवस नीट उजाडल्यावरच फडात शिरा. पहिला कोयता पडण्याआधी फडाच्या कडेने बोलत, डबा वाजवत एक फेरी मारा.
• तोडणी एका बाजूने सुरू करून सरळ पुढे न्या. पुढची बाजू दुसऱ्या उभ्या उसाकडे, ओढ्याकडे किंवा पडीक रानाकडे असावी, म्हणजे जनावराला निघून जायला वाट राहते.
• चारही बाजूंनी तोडत मध्ये छोटा तुकडा राखू नका. कोंडलेले जनावर त्या शेवटच्या तुकड्यातून अंगावर येते.
• शेवटच्या दहा-वीस सऱ्या राहिल्या की थोडे थांबा, आवाज करा, मग पुढे जा.
• पाचट जाळण्यासाठी उभा फड पेटवू नका. आत बछडे असतील तर ते होरपळतात आणि बिथरलेली मादी वस्तीच्या आसपास फिरत राहते.
• मजुरांची तान्ही मुले फडाच्या बांधावर झोळीत किंवा वाढ्यांच्या ढिगाशेजारी एकटी ठेवू देऊ नका. एक मोठे माणूस त्यांच्याजवळ बसवा.

टोळीच्या कोप्यांसाठी जागा देताना ती उभ्या उसाला लागून देऊ नका. मोकळ्या रानात, उजेडाच्या सोयीजवळ द्या. कोपीला दार नसते, त्यामुळे रात्री मुलांना मध्ये आणि मोठ्यांना कडेला झोपवायला सांगा. शौचासाठी अंधारात उसाच्या कडेला बसावे लागू नये, एवढी सोय करणे शेतमालकाला अवघड नाही.

बछडे सापडले तर

मादी साधारण तीन महिन्यांच्या गर्भावस्थेनंतर दोन-तीन पिलांना जन्म देते आणि शिकारीला जाताना त्यांना पाचटात लपवून ठेवते. तोडणीत ती उघडी पडतात. गोंडस असतात म्हणून उचलून घरी आणणे, हातात धरून फोटो काढणे ही सर्वांत घातक चूक. मादी बहुधा जवळच्याच फडात असते.

तिथली तोडणी लगेच थांबवा, माणसे मागे घ्या आणि वन विभागाला कळवा. हेल्पलाइन क्रमांक १९२६ आहे. वन कर्मचारी पिलांची तपासणी करून त्यांना संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवतात आणि लांबून कॅमेऱ्याने नजर ठेवतात. बहुतेक वेळा मादी रात्रीत येऊन एकेक पिलू तोंडात धरून नेते. जुन्नरजवळच्या माणिकडोह बिबट निवारा केंद्राच्या पथकांनी अशा अनेक भेटी घडवल्या आहेत. तुमच्या बाजूने लागतो तो एक दिवसाचा धीर आणि गर्दी न होऊ देण्याची जबाबदारी. पिले हरवलेली मादी महिनाभर वस्तीला त्रास देण्यापेक्षा एक खेप उशिरा गेलेली परवडते.

आणखी एक गोष्ट. उसात सापडणारे प्रत्येक ठिपकेदार पिलू बिबट्याचे नसते. रानमांजर आणि वाघाटी यांचीही पिले असतात. ओळख पटवण्याच्या फंदात न पडता प्रत्येक वेळी वरचीच पद्धत पाळा.

गोठा आणि अंगण

शेळ्या-कालवडी रात्री दावणीला उघड्यावर असणे म्हणजे बिबट्याला निमंत्रण. गोठा चारही बाजूंनी जाड तारेच्या जाळीने बंद करा आणि जाळी छतापर्यंत न्या, कारण बिबट्या भिंतीवर सहज चढतो. छपराचा पत्रा आणि भिंत यांच्यातली फट बुजवा. दाराखाली वीतभर जागा राहिली असेल तर तिथे फरशी किंवा लाकूड लावा. कडी बाहेरून घट्ट बसणारी हवी. गोठ्याच्या तोंडाशी दिवा असावा, मात्र नुसत्या दिव्यावर विसंबू नये. उजेडाला जनावर सरावते, जाळीला सरावून उपयोग नसतो.

कोंबड्यांची मर, मेलेले वासरू, वार, मटणाच्या दुकानाचा कचरा ओढ्यात किंवा बांधावर टाकला की कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. मेलेली जनावरे खोल खड्डा करून, चुना टाकून पुरा. गावाने ठरवून कचऱ्याची एक जागा बंदिस्त केली तर त्याचा गुण पूर्ण शिवाराला येतो. राखणीचे कुत्रे रात्री साखळीने अंगणात बांधू नका, ते पळूही शकत नाही. त्याला आत घ्या. मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात, तोही चांगला उपाय आहे.

घराच्या भोवती किमान पंधरा-वीस फूट पट्टा मोकळा ठेवा. तण, घाणेरीची झुडपे, वाळलेल्या कडब्याचे ढीग या पट्ट्यात नकोत. ओट्यावर, अंगणात झोपणे या सहा महिन्यांत बंद ठेवा. ज्या विहिरीला कठडा नाही तिला कठडा बांधा. बिबट्या पडतो, तसे माणूसही पडते. पडलाच तर दोराने बाज किंवा ओंडका सोडून त्याला तरंगायला आधार द्या आणि पथक येईपर्यंत लोकांना लांब ठेवा.

रात्रीचे पाणी आणि वाकलेले माणूस

बिबट्या उभ्या माणसाला सहसा टाळतो. धोका असतो तो वाकलेल्या, बसलेल्या किंवा लहान चणीच्या माणसाला. गवत कापणारी बाई, खुरपणी करणारी आजी, शौचाला बसलेले माणूस, अंगणात खेळणारे मूल. म्हणून उसाच्या कडेला गवत कापायला दोघी-तिघींनी जावे, अधूनमधून उभे राहावे, बोलत राहावे. मुलांनी शाळा-शिकवणीला उसाच्या वाटेने एकट्याने जाऊ नये. दिवस मावळल्यापासून ती मोठ्यांच्या नजरेत असावीत.

शेतीची वीज रात्रीच्या पाळीत असेल तर पाणी द्यायला जावेच लागते. अशा वेळी दोघे जा, काठीला घुंगरू बांधा, मोबाइलवर भजन किंवा गाणे मोठ्याने लावा, बॅटरीचा झोत आधी पुढे मग पायाशी टाका. दारे मोडायला वाकण्याआधी आजूबाजूला एकदा उजेड फिरवा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून ज्या फिडरला दिवसा वीज मिळते तिथे हा धोका आपोआप घटतो. तुमच्या फिडरसाठी ग्रामपंचायतीचा ठराव करून पाठपुरावा करा.

समोर आलाच तर

पळू नका, बसू नका, वाकून दगड उचलू नका. मूल बरोबर असेल तर त्याला उचलून घ्या. ताठ उभे राहा, हात वर करा, मोठ्याने ओरडा आणि तोंड त्याच्याकडेच ठेवून सावकाश मागे सरका. तो बहुतेक वेळा निघून जातो.

घरात किंवा गोठ्यात शिरला तर दार बाहेरून लावा आणि फोन करा. घोळका करून, काठ्या घेऊन घेरल्यावर जनावर जी फट दिसेल तिथून झेपावते, आणि गर्दीतल्या कुणाला तरी त्याचा पंजा बसतो. उसाला विजेचा प्रवाह सोडणे, फासे लावणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहेच, शिवाय त्या तारेला पहाटे पाणी द्यायला आलेला आपलाच माणूस चिकटतो.

नुकसान झाले तर

जनावर मारले गेले तर ते जागेवरून हलवू नका. ४८ तासांच्या आत जवळच्या वनरक्षकाला किंवा वनक्षेत्रपाल कार्यालयाला कळवा. पंचनाम्याच्या वेळी पशुवैद्यकीय अधिकारी असतील असे पाहा आणि आपलेही फोटो काढून ठेवा. पाळीव जनावरासाठी बाजारभावाच्या ७५ टक्के रक्कम मिळते, तिला शासनाने कमाल मर्यादा घातली आहे. माणसाचा मृत्यू झाल्यास वारसांना २५ लाख रुपयांची तरतूद आहे. दर शासन निर्णयांनी बदलत असतात, म्हणून अर्ज करताना चालू दर कार्यालयातूनच घ्या. जखम किरकोळ वाटली तरी साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रुग्णालयात जा. रेबीजची लस घेण्यात दिरंगाई नको.

पुढच्या लागवडीचा नकाशा आजच

हे सारे पथ्य या हंगामापुरते. खरा उपाय सुरू लागवडीच्या वेळी होतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत सऱ्या पाडाल तेव्हा घर, गोठा, शाळेची वाट आणि विहीर यांच्याभोवती उसाऐवजी बुटकी पिके घ्या. हरभरा, कांदा, मेथी, भुईमूग यांत बिबट्याला लपता येत नाही. मका आणि हत्ती गवतही उसाइतकाच आडोसा देतात, तेव्हा तेही लांबच ठेवा. शेजाऱ्याशी बोलून दोघांच्या वस्तीमधला पट्टा मोकळा राखता आला तर फार उत्तम. त्यासाठी दोन-चार गुंठे ऊस कमी होईल. टनात हिशेब करायचा तर तो आकडा मोठा नाही, आणि संध्याकाळी पोरांना अंगणात खेळू देताना दर मिनिटाला हाक मारावी लागणार नाही.