मोट गेली, मोटर आली

गावातल्या जुन्या विहिरीवर एकदा जाऊन पाहा. काठाला दगडी थारोळं दिसेल. मागे बैलांची उतरती धाव दिसेल. तिथं एके काळी मोट चालत होती. आज तिथं गवत वाढलं आहे.

एका मोटेवर किती घरं पोट भरत! चर्मकार कातड्याची मोट शिवी. सुतार चाक घडवी. नाडा वळणारा वेगळा. मोट हाकणारा गडी वेगळा. ही सारी कसबी माणसं होती. त्यांचं काम बापाकडून मुलाकडे येई. त्याला पाटी-पुस्तक लागत नसे.

मग तेलावर चालणारं इंजिन आलं. पुण्यात खडकीला किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना १९४६ साली निघाला. पुढे १९६० साली महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झालं. हळूहळू गावोगाव विजेचे खांब पोचले. विहिरीवर मोटर बसली. शेतकऱ्याचे कष्ट वाचले. बैलांचेही वाचले. पण मोट शिवणाऱ्याचं काय झालं? गरज सरो नि वैद्य मरो, असं आपण म्हणतो. तसंच झालं. त्याचं काम गेलं आणि त्याला नवं काम कुणी शिकवलं नाही. यंत्र आलं हे वाईट झालं नाही. शिकवणं राहून गेलं, हे वाईट झालं.

काम संपलं मात्र नाही. त्याचं रूप बदललं. मोटर जळली की ती भरून देणारा लागतो. तांब्याच्या तारेचे वेढे मोजून घालावे लागतात. वेढे चुकले की मोटर पुन्हा जळते. वायरमन लागतो. त्याला तर चूक परवडतच नाही. अर्धवट माहितीवर फ्यूजला हात घातला तर जीव जातो.

आता आणखी एक पाऊल पुढे पडलं आहे. २०१९ साली केंद्र सरकारने कुसुम योजना सुरू केली. तेव्हापासून पुष्कळ शेतांत सौरपंप बसले. आपल्या देशात त्यांच्या काचेच्या पाट्या दक्षिणेकडे तोंड करून बसवतात. पाट्यांवर धूळ साचली की वीज कमी मिळते. पाट्या कलत्या कशा बसवाव्या, तारा कशा जोडाव्या, बिघाड कसा शोधावा, हे नवं कसब आहे. ते ज्याला येतं, त्याला गावातच काम मिळू शकतं.

आता मोटरीवरची पत्र्याची पाटी पाहा. तिच्यावर किती अश्वशक्ती, किती व्होल्ट, ते लिहिलेलं असतं. ५ अश्वशक्ती म्हणजे सुमारे ३.७ किलोवॅट. पूर्वीच्या कारागिराचे हात बोलत. आजच्या कारागिराला हात हवेत आणि अक्षरही हवं. तुम्ही आता वाचू लागला आहात. म्हणजे या कामाची पहिली पायरी तुम्ही चढलात.

पुढची पायरी कुठं आहे? सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये. कारागीर शिकवण्याची ही योजना १९५० साली सुरू झाली. तिथं वायरमन, इलेक्ट्रिशियन, डिझेल मेकॅनिक असे अभ्यासक्रम असतात. काहींना आठवी पास चालते, काहींना दहावी लागते. मुलींनाही प्रवेश मिळतो. तेव्हा घरातल्या मुलाला पाठवाल, तसं मुलीलाही पाठवा. तुम्ही स्वतः वर्षानुवर्षं हाताने काम करत असाल, तर त्या कामाची परीक्षा घेऊन दाखला देण्याचीही सोय असते. तालुक्याला गेलात की चौकशी करा. विचारायला पैसे पडत नाहीत.

सौरपंपही कायमचा नाही. उद्या आणखी काही येईल. आम्ही एवढंच सांगतो: यंत्र गावात येण्याची वाट पाहू नका. ते यायच्या आधी त्याचं काम शिका.

सांगा पाहू:
१. मोटेवर कोणाकोणाचं पोट चाले?
२. तुमच्या गावातली कोणती कामं बंद झाली? कोणती नवी आली?
३. घरच्या किंवा शेजारच्या मोटरीवरची पाटी वाचा. ती किती अश्वशक्तीची आहे?