घरच्या घरी पनीर दाबायचं साधन



मागच्या महिन्यात रिसोड तालुक्यातल्या एका गटाचं 2 किलो पनीर हॉटेलवाल्याने परत पाठवलं. एका बाजूने ओलं, दुसऱ्या बाजूने घट्ट, कापायला गेलं की चुरा. दूध म्हशीचं, चांगलं होतं. फाडलंही बरोबर होतं. चूक दाबात झाली, आणि ती माझी. "फडक्यात बांधा अन् वर पाटा ठेवा," असं मीच सांगितलं होतं. पाटा एका बाजूला कलला आणि 10 लिटर दुधाची मेहनत गेली.

दाब कमी पडला तर निवळी आत राहते, पनीर लवकर आंबतं. अन्नसुरक्षा नियमाप्रमाणे पनीरमध्ये 60 टक्क्यांपेक्षा जास्त पाणी चालत नाही. दाब जास्त झाला तर पनीर रबरासारखं होतं, वजनही घटतं, म्हणजे नुकसान आपलंच.

मग दाब किती द्यायचा? डेअरीच्या रीतीत 35 बाय 28 सेंटिमीटरच्या साच्यावर 45 किलो वजन 15 ते 20 मिनिटं ठेवतात. आपला साचा 15 बाय 15 चा, म्हणजे साधारण चौथा हिस्सा. त्याला 10 किलो पुरे.

साचा वेल्डिंगवाल्याकडून स्टेनलेस स्टीलचा करून घ्या, उंची 12 सेंटिमीटर. तळाला आणि चारही बाजूंना छिद्रं हवीत. ती आतून बाहेर पाडायला सांगा, म्हणजे आत धार राहत नाही, फडकं फाटत नाही. वरून साच्यात सैल उतरेल अशी स्टीलची चौकोनी पट्टी आणि तिच्यावर लाकडी ठोकळा. लाकूड पनीरला लागू देऊ नका, त्यात निवळी मुरते अन् वास धरते.

आता दांडा. हापशी आठवा: दांडा लांब म्हणून जोर कमी लागतो. इथंही तेच. जड टेबलावर एक खांब उभा करा, त्यात 4 फुटी दांड्याचं टोक बोल्टने सैल अडकवा. बोल्टपासून 9 इंचांवर साचा, 36 इंचांवर बादली. बादलीतलं 1 किलो पाणी साच्यावर 4 किलोचा दाब देतं. खांबाला नुसते खिळे मारू नका, बोल्टच लावा. बादली टांगली की खांब वर ओढला जातो, खिळे उपटून येतात.

दांड्याचं स्वतःचं वजनही पडतं, म्हणून नुसत्या हिशोबावर जाऊ नका. साच्याच्या जागी वजनकाटा ठेवा, त्यावर साच्याएवढ्या उंचीचा ठोकळा ठेवून काटा शून्यावर आणा, मग दांडा टेकवा. काटा 10 किलो दाखवेपर्यंत बादलीत पाणी ओता. तिथं बादलीवर खूण करा. मला ही युक्ती आधी सुचली असती तर!

निवळी गाळली की पनीर गरम असतानाच साच्यात भरा. गार झालेलं नीट जुळत नाही. दांडा आडवा, सरळ आहे ना ते पाहा, नाहीतर पुन्हा एक बाजू ओली. 20 मिनिटांनी वडी काढून उकळून थंड केलेल्या गार पाण्यात 2-3 तास बुडवा, मगच कापा.

साचा आणि फडकं रोज उकळत्या पाण्यातून काढा. पहिल्या चार वेळा दूध किती, पनीर किती, ते वहीत लिहून ठेवा. म्हशीच्या 10 लिटर दुधाला 2 किलोच्या आसपास यायला हवं. फार फरक दिसला तर वही घेऊन बैठकीला या, बसून पाहू.