सिम एक, फोन दोन

सिम आपल्या खिशातल्या मोबाईलमध्ये आणि कॉल मात्र गाडीत बसवलेल्या फोनवरून, हे कसं शक्य आहे? त्यासाठी ब्लूटूथमध्ये 2005 साली 'सिम ॲक्सेस प्रोफाइल' आलं. त्याला थोडक्यात सॅप म्हणतात. आता बऱ्याच गाड्यांत स्वतःचंच सिम असतं, त्यामुळे सॅप मागे पडलं. पण इंटरफेस डिझाइन शिकायला हे उदाहरण छोटं आणि छान आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. सॅपमध्ये सिमची कॉपी होत नाही. सिममधली गुप्त किल्ली बाहेर येतच नाही. जीएसएम नेटवर्क 128 बिटांचा एक आकडा पाठवतं, सिम आतल्या आत गणित करून 32 बिटांचं उत्तर देतं. म्हणजे ब्लूटूथवरून जातात ते फक्त प्रश्न आणि उत्तरं. त्यांना एपीडीयू म्हणतात.

ज्या फोनमध्ये सिम आहे तो सर्व्हर, जो ते वापरतो तो क्लायंट. इंटरफेसमध्ये फंक्शन्स मोजकीच लागतात: कनेक्ट, डिस्कनेक्ट, एपीडीयू पाठवणे, सिम चालू-बंद करणे, रीसेट आणि स्टेटस. सिम उत्तर द्यायला वेळ लावतं, म्हणून फंक्शनने तिथेच थांबून राहू नये. उत्तर आलं की कॉलबॅक यावा. आणि एका एपीडीयूचं उत्तर आल्याशिवाय दुसरा पाठवू नये.

खरी गंमत 'स्टेट'मध्ये आहे. सिम क्लायंटकडे असताना सर्व्हर फोन स्वतः नेटवर्कवर राहत नाही. म्हणून कनेक्टला फक्त 'हो' किंवा 'नाही' एवढी उत्तरं पुरत नाहीत. 'हो, पण कॉल चालू आहे, संपेपर्यंत थांबा' असंही एक उत्तर सॅपमध्ये आहे.

हे मी पुस्तकात वाचून सोडून दिलं होतं. मग एका रात्री होस्टेलवर जुना फोन सर्व्हर आणि लॅपटॉप क्लायंट करून माझा प्रोग्रॅम चालवला. लॅपटॉप हँग झाला. ब्लूटूथ लिंक तुटली नव्हती, त्यामुळे फोन बिचारा सिम उसनं दिलंय असं समजून गप्प बसला. बाहेर धो धो पाऊस. शिरगावहून आई तासभर फोन लावत होती आणि तिला 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' एवढंच ऐकू येत होतं. शेवटी तिने रूम पार्टनरच्या नंबरवर फोन केला. जी बोलणी बसली ती इथे छापण्यासारखी नाहीत!

चूक माझीच होती. सॅपमध्ये सिम परत घेण्याचे दोन मार्ग आहेत: क्लायंटला काम आवरायला सांगून सावकाश, किंवा न विचारता ताबडतोब. दुसरा मी लिहिलाच नव्हता. आता माझ्या स्क्रीनवर 'सिम दिलेले आहे' असं सतत दिसतं आणि शेजारी मोठं बटण आहे: 'परत घ्या'.

तेव्हा प्रोजेक्ट करणाऱ्यांना एवढंच सांगणं: वस्तू उसनी देणारा इंटरफेस लिहिताना 'कनेक्ट'च्या आधी 'डिस्कनेक्ट' लिहा. आणि प्रयोगाला बसण्यापूर्वी घरी एक फोन करून ठेवा.