विमानाचे फिरते इंजिन आणि त्याचा गेलेला दाब

बालाघाटाच्या माथ्यावरील आमच्या धारूरच्या परिसरात विहिरींवर विजेचे पंप बसण्यापूर्वी तेलाची इंजिने असत, आणि थंडीच्या दिवसांत पहाटे ती सुरू करणे हे घरातील दणकट गड्याचे काम असे. हँडल मारावे, वेग आला की वरची खिट्टी सोडावी आणि इंजिनाने एकदाच धूर फेकून गप्प बसावे, असे पाचसात वेळा झाले की शहाणे गोळा होत. कोणी म्हणे, डिझेल येत नाही. कोणी म्हणे, नळीत हवा धरली. जाणता मिस्त्री मात्र काही न बोलता हँडल एक फेरा अगदी सावकाश फिरवी आणि सांगे, "दाब नाही. दिवसभर फिरवलेत तरी चालायचे नाही." पालकांपैकी पुष्कळांस हा प्रसंग आठवत असेल. त्या मिस्त्र्याने हाताने जे ओळखले, तेच शंभर वर्षांपूर्वी विमानतळावरील कारागिरास रोज पहाटे ओळखावे लागे, आणि त्याची चूक झाली तर उसाचे पाणी नव्हे, एका तरुणाचा जीव जाई. त्या विमानांचे इंजिन मोठे चमत्कारिक होते. त्याचाच विचार आज येथे योजिला आहे.

प्रथम दाब म्हणजे काय ते पाहू. सायकलचा हातपंप घ्या, त्याच्या तोंडावर अंगठा घट्ट धरा आणि दांडा दाबा. आतील हवा उसळी मारून दांडा मागे लोटते. ही उसळी म्हणजेच दाब. आता पंपातील कातडी वॉशर सुकलेला असेल, तर दांडा मुकाट्याने तळाशी जातो. हवा कडेने निसटते. त्याच पंपात तेलाचे चार थेंब सोडा व पुन्हा दाबा. उसळी परत येते, कारण कातडे आणि नळी यांमधील फट तेलाने भरून निघते. हा प्रयोग विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावा, कारण पुढील सारी परीक्षा याच चार थेंबांवर उभी आहे.

इंजिनाच्या नळकांड्यात, म्हणजे सिलिंडरमध्ये, दट्ट्या किंवा पिस्टन वर चढतो तेव्हा आत घेतलेले पेट्रोलचे व हवेचे मिश्रण असेच दाबले जाते. विमानांच्या त्या जुन्या इंजिनांत ते आपल्या मूळ आकारमानाच्या सुमारे चौथ्या-पाचव्या हिश्शात कोंबले जाई, व मग ठिणगी पडे. दाबलेले मिश्रण जोराने पेटते. न दाबलेले नुसते फुसफुसते. विहिरीवरील डिझेल इंजिनात तर ठिणगीच नसते. तेथे हवा सोळा-सतरा पट दाबून तिच्या उष्णतेनेच तेल पेटवायचे असते, म्हणून दाब गेला की ते इंजिन साफ मुके होते. पेट्रोलचे इंजिन मात्र लबाड आहे. दाब थोडा गेला तरी ते कसेबसे सुरू होते, जमिनीवर बरे चालते आणि भार पडताच दगा देते.

आता त्या चमत्कारिक इंजिनाकडे वळू. नेहमीच्या इंजिनात नळकांडी स्थिर असतात व क्रँक फिरतो. येथे सगळे उलट. क्रँक विमानाच्या सांगाड्यास पक्का जखडलेला, आणि सात किंवा नऊ नळकांडी गाडीच्या चाकातील आऱ्यांप्रमाणे त्याच्या भोवती बसविलेली. पंखा या नळकांड्यांच्या चाकालाच जोडलेला. इंजिन सुरू झाले की सगळे धूड पंख्यासह मिनिटास सुमारे १२०० फेरे घेई. पुढे काही मोटारींत 'रोटरी' नावाचे जे तिकोनी चकतीचे इंजिन आले त्याचा याच्याशी काही संबंध नाही. नाव तेवढे एक. फ्रान्समधील सेगँ बंधूंनी १९०८ च्या सुमारास 'नोम' नावाचे असे पन्नास अश्वशक्तीचे, सात नळकांड्यांचे इंजिन तयार केले. ऑगस्ट १९०९ मध्ये फ्रान्समधील रँस येथील विमानांच्या मेळ्यात आंरी फारमन याने याच इंजिनावर १८० किलोमीटर उड्डाण करून लांब पल्ल्याचे बक्षीस जिंकले. नळकांडी स्वतःच वाऱ्यात फिरत असल्याने त्यांस थंड करण्यासाठी पाण्याचे ओझे नको, आणि चाकाचा भार स्वतःचाच असल्याने वेगळे जड चक्रही नको. वजन अवघे पाऊणशे किलोच्या आसपास. मागाहून ल रोन, क्लेर्जे व बेंटले ही इंजिने निघाली, आणि पहिल्या महायुद्धात सॉपविथ कॅमल, सॉपविथ पप, ॲव्हरो ५०४ अशी हजारो विमाने त्यांवर उडाली.

या फिरत्या चाकात नेहमीचे वंगण चालत नसे. मिश्रण मधल्या पेटीतूनच नळकांड्यांत जाई, आणि साधे खनिज तेल पेट्रोलमध्ये विरघळून धुऊन निघे. पेट्रोलला सहसा दाद न देणारे एकच स्वस्त तेल हाती होते, ते म्हणजे आपले एरंडेल. 'ओसाड गावी एरंड बळी' म्हणून ज्याची आपण थट्टा करतो, त्या बांधावरच्या झाडाच्या तेलावाचून तेव्हाचे आकाश ओसाड पडले असते! पेट्रोलपंपावरील डब्यांवर 'कॅस्ट्रॉल' हे नाव दिसते, तेही एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच १९०९ साली पडले. १९१८ मध्ये अमेरिकेच्या सरकारने आपल्या विमानांसाठी आशियातून एरंडाचे बी बोटीने नेऊन तिकडील शेतकऱ्यांकडून पेरून घेतले होते. (बी पाहून कोणी तोंडात घालू नये, ते जहरी असते. तेल काढताना ते विष चोथ्यात मागे राहते.) वापरलेले तेल परत टाकीत येत नसे, तासाला कित्येक लिटर एरंडेल धुराबरोबर बाहेर पडे आणि वैमानिकाच्या तोंडावर उडे. त्यामुळे त्यांचे पोट बिघडत असे, असे सांगतात, व एरंडेल ज्यांनी लहानपणी घेतले आहे त्यांस ते पटायला हरकत नाही.

परंतु एरंडेलाचे दोन अवगुण आहेत. थंडीत ते घट्ट होते, आणि उष्णतेने व शिळे झाल्याने चिकट डिंकासारखे बनून जागच्या जागी बसते. इंजिन सुरू न होण्याची निम्मी कारणे या दोहोंत आहेत. विमान रात्रभर उभे राहिले की वरच्या नळकांड्यांतील तेल मधल्या पेटीत उतरते, तेथून दट्ट्यांच्या कडेने खालच्या नळकांड्यांत झिरपते. ही खालची नळकांडी डोके खाली करून टांगलेली. तेव्हा तेल नेमके झडपांशी व ठिणगीच्या प्लगांशी साचते. प्लग बुडाला की ठिणगी नाही. तेल फार साचले तर दट्ट्यास वर यावयास जागाच उरत नाही, आणि घाईने पंखा ओढला तर दांडा वाकतो. म्हणून सकाळचे पहिले काम असे की, ठिणगीचे बटण बंद करून पंखा दोन-चार फेरे अगदी हळू फिरवावा, आणि कोठे तो टणकन अडला तर जोर न करता त्या खालच्या नळकांड्याचा प्लग काढून तेल वाहू द्यावे. बटण बंद असले तरी पंखा जिवंत आहे असेच समजावयाचे. मॅग्नेटोची एक बारीक तार तुटली असेल तर बटण बंद असूनही ठिणगी पडते, आणि पंख्याच्या आवाक्यात उभा असलेला मनुष्य गतप्राण होतो.

हे झाल्यावर प्रत्येक नळकांड्याची धुराची झडप हाताने उघडून पिचकारीने थोडे पेट्रोल आत सोडीत, पंखा फिरवून ते मिसळीत, मग वैमानिकाने बटण चालू केल्याचे ओरडून सांगितले म्हणजे कारागीर पंख्यास झटका देई. तरीही इंजिन न बोलल्यास प्रश्न तीनच: ठिणगी आहे काय, पेट्रोल योग्य आहे काय, दाब आहे काय? पहिल्या दोहोंचा निकाल लवकर लागतो. मॅग्नेटोची ठिणगी कारबनच्या ब्रशावाटे फिरत्या तबकडीवर व तेथून उघड्या पितळी तारांनी प्लगांवर जाते. तबकडी तेलकट झाली असेल तर पुसावी, प्लग काढून स्वच्छ करावे. पेट्रोल फार झाले असेल तर त्याचा वास येतो व धुराच्या झडपांतून थेंब गळतात. तेव्हा पेट्रोल बंद करून, झडप उघडी धरून, पंखा उलटा फिरवावा म्हणजे जादा वाफ निघून जाते. आमच्या मते कारागिराची खरी कसोटी तिसऱ्या प्रश्नात आहे.

नऊ नळकांड्यांचे इंजिन असेल तर पंख्याच्या दोन पूर्ण फेऱ्यांत नऊ वेळा हाताला उसळी लागली पाहिजे, प्रत्येक वेळी सारखी. आता या इंजिनाची एक गंमत पाहा. क्रँक स्थिर असून त्याचा कोपर सरळ वर रोखलेला असतो. त्यामुळे कोणतेही नळकांडे असो, त्याचा दट्ट्या टोकाला पोहोचतो तो ते नळकांडे अगदी वर आल्यावरच. साध्या इंजिनात गुन्हेगार शोधण्यासाठी एकेक प्लग काढून अंगठा लावीत बसावे लागते. येथे मात्र समोर उभे राहून हळू फिरवीत जावे, आणि जेथे हाताला उसळी न लागता पंखा पुढे सरकतो त्या क्षणी वर कोणते नळकांडे आहे तेवढे पाहावे. मात्र नळकांडी एकाआड एक दाब देतात: पहिले, तिसरे, पाचवे, सातवे, नववे, आणि मग दुसरे, चौथे, सहावे, आठवे. तेव्हा पहिल्यानंतर दुसरे वर आले आणि उसळी लागली नाही, म्हणून लगेच त्याच्यावर खडूची खूण करू नये. तो त्याचा धूर टाकण्याचा फेरा असतो. पुढच्या फेऱ्यातही ते मऊच लागले तर खूण करावी.

नळकांडे सापडले, आता गळती कोठून? दट्ट्या दाबाच्या फेऱ्यात थोडा खाली असता पंखा तसाच धरून कान लावावा. धुराच्या झडपेशी सुस्कारा ऐकू आला तर झडप बसत नाही. तिच्या बैठकीवर काजळी चढलेली असेल, एरंडेलाच्या चिकटीने तिचा दांडा अडकला असेल, किंवा तिला उघडणाऱ्या दांडीत व तिच्यात मोकळी फट न राहिल्याने ती सदा अर्धवट उघडी राहत असेल. पेट्रोलने धुऊन, फट जुळवून, झडप बैठकीवर घासून काम भागते. सुस्कारा मधल्या पेटीत ऐकू आला तर दोष दट्ट्याकडे आहे. येथे पंपाचा प्रयोग आठवावा. नळकांडे वरच्या बाजूस आणावे, म्हणजे ओतलेले तेल दट्ट्यावर पडेल. खालच्या बाजूस असता ओतले तर ते डोक्यातच साचेल व परीक्षा फुकट जाईल. थोडे एरंडेल सोडून पुन्हा फिरवावे. उसळी परतली तर दट्ट्याच्या कड्या झिजल्या किंवा चिकटल्या. न परतली तर पुन्हा झडपेकडे जावे. जुन्या नोममध्ये आत घेण्याची झडप दट्ट्याच्या माथ्यातच असे. ती चिकटून उघडी राहिली तर नुसता दाबच जात नसे. ज्वाला वाफेने भरलेल्या मधल्या पेटीत शिरे आणि विमान पेट घेई.

ही परीक्षा इंजिन गरम असताना करावी. थंड घट्ट एरंडेल स्वतःच फटी बुजवून ठेवते आणि झिजलेले इंजिन सकाळी ताकदवान भासते. तेच अर्ध्या तासाने, तेल पातळ झाल्यावर, खरे रूप दाखविते.

आणि कड्यांची गोष्ट तर या इंजिनाच्या वर्मीची आहे. नोमची नळकांडी भरीव पोलादातून कोरून काढीत, आणि त्यांची भिंत अवघी दीड मिलिमीटर जाड असे. फिरताना पुढची बाजू वारा कापते व थंड राहते, पाठची तापते. त्यामुळे गोल नळकांडे किंचित लंबगोल होते. ओतीव लोखंडाची ताठ कडी त्या आकाराशी जुळवून घेईना. म्हणून दट्ट्याच्या माथ्याशी पितळेसारख्या धातूची, पातळ, काटकोनी कडेची एक लवचीक कडी बसवीत. वरचा वायू जितका दाबे तितकी तिची ओठासारखी कड भिंतीला चिकटे. पाहा, हा सायकलपंपातील वाटीसारखा कातडी वॉशरच झाला! परंतु कातड्याप्रमाणेच तीही नाजूक. ती तुटली की तप्त वायू कडेने खाली घुसे, दट्ट्या भाजून निघे आणि कधी नळकांड्यात आवळून बसे. क्लेर्जे इंजिनासही हा रोग होता. इंग्रज आरमारी दलातील वॉल्टर बेंटले याने तो पाहून नळकांडी ॲल्युमिनियमची केली व आत ओतीव लोखंडाचे अस्तर घातले. ॲल्युमिनियम उष्णता लवकर पसरविते, म्हणून नळकांडे वाकडे होणे कमी झाले व साध्या कड्या पुरल्या.

कॅमल विमान याच फिरत्या इंजिनांवर उडे. हरदितसिंग मलिक व एरॉल सेन हे आपल्या देशातील दोन तरुण १९१७ साली फ्रान्सच्या आघाडीवर ते चालवीत. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर जून १९१८ मध्ये तेथेच कामी आले; त्यांचे डॉल्फिन विमान मात्र पाण्याने थंड होणाऱ्या स्थिर इंजिनाचे होते. कॅमलवर नवशिक्यांचे मृत्यू पुष्कळ झाले. जमीन सोडताच पेट्रोलचा खटका जरा मागे घ्यावा लागे. तो राहून गेला तर मिश्रण फार दाट होऊन इंजिन अडखळे. शंभर-दोनशे फुटांवर इंजिन थांबले की विद्यार्थी घाबरून मैदानाकडे वळे, वेग जाई आणि विमान भोवऱ्यासारखे फिरत खाली येई. ज्या इंजिनाची दोन नळकांडी आधीच मऊ होती, त्यास या अडखळण्यातून सावरण्याचे बळ कोठून असणार?

इंग्लंडमधील ओल्ड वॉर्डन येथील शटलवर्थ संग्रहात असे पप आणि ॲव्हरो आजही उडतात, आणि न्यूझीलंडमध्ये तर नोमची इंजिने नव्याने घडविली गेली आहेत. तेथील कारागीरही उड्डाणापूर्वी बटण बंद करतो, पंख्याचे पाते हातात घेतो आणि वर येणारे एकेक नळकांडे मोजीत सावकाश दोन फेरे फिरवितो.