डब्यात भाजी, म्हणून मत कुणाला?

प्रश्न : मी सातिवलीतल्या एका गाळ्यात पॅकिंगचं काम करतो. आम्ही आगरी, घरात मासळी पिढ्यान्पिढ्या चालत आलेली. गेल्या आषाढीला मी माळ घातली आणि मटण-मासळी सोडली. तेव्हापासून जेवायच्या सुट्टीत डबा उघडला की सोबतचे म्हणतात, "भाऊ, आता तुम्ही कमळवाले झालात." माझं मत होतं तिथंच आहे. उलट आमच्यातला सर्वांत कडवा हिंदुत्ववादी रोज बोंबील आणतो, त्याला कुणी काही विचारत नाही. माणूस काय खातो यावरून त्याचं राजकारण खरंच ओळखता येतं का?
– एक वाचक, सातिवली (वसई पूर्व)

उत्तर : तुमचा प्रश्न असा की, तुम्ही ताटातला एक पदार्थ सोडलात आणि लोकांनी तुमचा पक्षच बदलून टाकला, यात काही तथ्य आहे का? थोडक्यात उत्तर 'नाही' असं आहे. पण लोकांना तसं का वाटतं, हेही समजून घेण्यासारखं आहे. तुमचे सोबती अगदीच हवेत बोलत नाहीत. त्यांना एक धागा दिसतो आहे, पण ते त्याचं चुकीचं टोक ओढत आहेत.

आधी माळेचंच पाहू. माळकरी मांस आणि मद्य सोडतो तो विठ्ठलाला दिलेल्या शब्दाखातर. वसई, भिवंडी, पनवेल या पट्ट्यात कितीतरी आगरी घरांत एक भाऊ माळकरी आणि दुसरा मासळीवर जीव असलेला, असं सर्रास दिसतं. दोघांची चूल एक, फार तर भांडी वेगळी. वारीत मराठा आहेत, कुणबी, माळी, धनगर आहेत, तुमच्यासारखे आगरीही आहेत. ही सगळी मंडळी एकाच पक्षाला मत देत असती, तर महाराष्ट्रातल्या निवडणुका आषाढी एकादशीलाच आटोपल्या असत्या. म्हणून तर सगळ्या पक्षांचे पुढारी वारीच्या वाटेवर स्वागताला उभे असतात.

आता दुसरा गैरसमज. भारतात बहुसंख्य लोक शाकाहारी आहेत आणि मांसाहारी हा अपवाद आहे, असं पुष्कळांना वाटतं. पण केंद्र सरकारच्या नमुना नोंदणी प्रणालीच्या २०१४ च्या पाहणीत १५ वर्षांवरील सुमारे ७१ टक्के भारतीय मांसाहारी निघाले. महाराष्ट्रात शाकाहारी सुमारे ४० टक्के, शेजारच्या गुजरातेत ६१, राजस्थानात ७५ आणि पंजाबात सुमारे ६७. उलट केरळ, ओडिशा, पश्चिम बंगाल, तेलंगण इथं शंभरातले सुमारे सत्त्याण्णव किंवा त्याहून अधिक लोक मांस किंवा मासे खाणारे.

हे आकडे निवडणुकांच्या निकालांशेजारी ठेवा. ओडिशात जवळजवळ सगळेच मासे-मांस खाणारे, तरी २०२४ मध्ये तिथल्या मतदारांनी भाजपला स्वबळावर सत्ता दिली. आसाम आणि त्रिपुरातही मासळीवाचून जेवण होत नाही. तिथंही भाजपची सरकारं आली. गोवा तर आपल्या शेजारचाच, आणि तिथं २०१२ पासून भाजपच सत्तेत आहे. दुसऱ्या बाजूला पंजाबात तीनपैकी दोन माणसं शाकाहारी, पण २०२२ च्या विधानसभेत ११७ पैकी ९२ जागा आम आदमी पक्षाला मिळाल्या आणि भाजपला दोन. ताटावरून मत ठरत असतं, तर ओडिशा आणि पंजाबचे निकाल नेमके उलटे लागायला हवे होते.

मग धागा कुठला? तो गुजरात-राजस्थानच्या बाजूनं येतो. तिथं शाकाहारी माणसं जास्त आणि भाजपचा जोरही मोठा. मुंबईपासून वसई-विरारपर्यंत तिथून आलेली व्यापारी कुटुंबं आपण रोज पाहतो, आणि मनात दोन गोष्टींची गाठ बसते. पावसाळ्यात रस्त्यावर छत्र्या वाढतात आणि चिखलही वाढतो. म्हणून छत्रीमुळे चिखल होतो असं कुणी म्हणत नाही. दोन्हींचं कारण पाऊस. तसंच इथंही आहे. माणूस कुठल्या प्रांतात, कुठल्या जातीत, कुठल्या धंद्यात वाढला यावर त्याचं जेवण ठरतं, आणि त्याच्या मतावरही याच गोष्टींचा परिणाम होतो. जेवण मताला जन्म देत नाही. तुमच्या बाबतीत तर प्रांत, जात, धंदा काहीच बदललं नाही. फक्त डबा बदलला. मग मत का बदलावं?

यात जातीची सावली आहे, हे मोकळेपणानं बोलायला हवं. महाराष्ट्रात शाकाहार म्हटलं की ब्राह्मण, आणि ब्राह्मण म्हटलं की अमुक विचार, अशी साखळी डोक्यात पक्की बसलेली आहे. ती पहिल्याच कडीला तुटते. २००६ मध्ये देशभर झालेल्या एका मोठ्या पाहणीत ब्राह्मणांपैकी ५५ टक्केच शाकाहारी निघाले. कोकणातले आणि गोव्यातले गौड सारस्वत मासळी खातात. बंगाली ब्राह्मणाचं आणि बिहारमधल्या मैथिल ब्राह्मणाचं लग्न माशाशिवाय पुरं होत नाही. दरभंग्याकडचा एखादा झा किंवा मिश्रा तुमच्या गाळ्यात असेल तर त्याला विचारून पाहा.

हिंदुत्वाच्या विचाराचा पाया घालणाऱ्यांतही ताटाबद्दल एकमत नव्हतं. सावरकरांनी १९३० च्या दशकात लिहिलं की गाय हा उपयुक्त पशू आहे, तिला नीट पाळावं, पण तिची पूजा करू नये. आज असं बोलणाऱ्याला लोक लगेच दुसऱ्या गोटात बसवतील. शिवसेनेचा जन्म ज्या मराठी वस्त्यांत झाला, तिथंही रविवारचं मटण हा अभिमानाचाच विषय होता आणि आहे.

याच्या उलट बाजूचा गैरसमजही तितकाच पक्का आहे : मांस खाणारा तो पुरोगामी. इथं गाडगेबाबांची आठवण व्हायलाच हवी. जत्रेत बोकड-कोंबडी कापू नका, देव नवसाला पावत नाही, हे त्यांनी खराटा हातात घेऊन गावोगाव सांगितलं. त्यांच्याइतकी सामाजिक सुधारणेची तळमळ फार थोड्यांच्या ठायी होती. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडायला सांगितलं. ती हाक सोवळ्याची नव्हती, स्वाभिमानाची होती : ज्या कामाच्या आणि अन्नाच्या आधारे तुम्हाला अस्पृश्य ठरवलं जातं, ते झुगारून द्या. म्हणजे माणूस एखादा पदार्थ सोडतो तेव्हा तो का सोडतो, हे त्याच्या ताटात पाहून कळत नाही. तिथं फक्त पदार्थ नसल्याचं दिसतं.

देशाबाहेर पाहिलं तर ही समजूत चक्क उलटी उभी आहे. अमेरिकेत माणूस शाकाहारी आहे म्हटलं की लोक त्याला डाव्या-उदारमतवादी बाजूचा धरतात. गॅलप संस्थेच्या २०१८ च्या पाहणीत तिथं स्वतःला उदारमतवादी म्हणवणाऱ्यांत ११ टक्के शाकाहारी होते, तर पुराणमतवादी विचारांच्या लोकांत अवघे दोन टक्के. तिथं प्राण्यांचे हाल, पर्यावरण, आरोग्य या विचारांतून बरेच लोक मांस सोडतात आणि ते विचार त्या बाजूला जास्त रुजलेले आहेत. डबा तोच, त्यातली उसळ तीच. पण सातिवलीत ती खाणारा उजवा ठरतो आणि न्यूयॉर्कमध्ये डावा. उसळीत राजकारण नाही, याचा याहून साधा पुरावा मला माहीत नाही.

आपल्याकडेही हा अर्थ काळागणिक फिरलेला आहे. गांधीजी राजकोटला शाळेत होते त्या काळी पोरांमध्ये अशी समजूत होती की इंग्रज मांस खातात म्हणून ते बलवान आहेत आणि आपल्यावर राज्य करतात. देश स्वतंत्र व्हायचा तर मांस खायला हवं, या भावनेनं एका मित्राच्या नादी लागून त्यांनी चोरून मांस खाल्लं. पुढं आईबापांशी खोटं बोलणं सहन न झाल्यामुळे सोडून दिलं, आणि आईला वचन देऊन विलायतेला गेले. तिथं हेन्री सॉल्टचं शाकाहारावरचं पुस्तक वाचून शाकाहार त्यांनी स्वतःच्या बुद्धीनं स्वीकारला आणि लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर काम केलं. म्हणजे त्या काळच्या राजकोटमध्ये मांसाहार हे देशभक्तीचं लक्षण होतं. आज कुणाला हे सांगितलं तर पटणार नाही.

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येतो. खाणं आणि राजकारण यांचा काहीच संबंध नाही, असं मी म्हणत नाही. संबंध आहे, पण तो आपल्या ताटातून येत नाही. दुसऱ्याच्या ताटाबद्दल आपण काय मागतो, तिथं तो सुरू होतो. गांधी आणि विनोबा हे गुरुशिष्य, दोघंही पक्के शाकाहारी, दोघंही गोसेवेला वाहिलेले. तरी जुलै १९४७ मध्ये गांधीजींनी प्रार्थनासभेत सांगितलं की गोहत्या कायद्यानं बंद करता येणार नाही, कारण हा देश एकट्या हिंदूंचा नाही. आणि विनोबांनी एप्रिल १९७९ मध्ये केरळ आणि पश्चिम बंगालमध्येही गोहत्याबंदीचा कायदा व्हावा म्हणून उपोषण केलं. दोघांचा आहार एकच, पण कायद्याबद्दल मत वेगळं.

महाराष्ट्रात हे अनेकदा समोर आलं आहे. गायींच्या कत्तलीला इथं १९७६ च्या कायद्यापासूनच बंदी होती; २०१५ मध्ये ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. मे २०१६ मध्ये उच्च न्यायालयानं ही बंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेरून आणलेलं गोमांस नुसतं जवळ असणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं, आणि माणसानं घरात काय खावं हा त्याच्या खासगी आयुष्याचा भाग मानला. सप्टेंबर २०१५ मध्ये जैनांच्या पर्युषणासाठी मुंबईत काही दिवस आणि खाडीपलीकडच्या मीरा-भाईंदरमध्ये त्याहून अधिक दिवस मांसविक्री बंद ठेवण्याचे आदेश निघाले, तेव्हा रस्त्यावर उतरले कोण? शिवसेना आणि मनसे. शिवसेना तर त्या वेळी राज्याच्या सरकारात भाजपबरोबर बसलेली होती.

ऑगस्ट २०२५ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेनं १५ ऑगस्टला मांसविक्री बंद ठेवायला सांगितलं. त्यावर आदित्य ठाकरे बोललेच, पण उपमुख्यमंत्री अजित पवारांनीही ही बंदी योग्य नाही असं जाहीर म्हटलं. पालिकेनं ज्या ठरावाकडे बोट दाखवलं तो १९८८ चा, म्हणजे राज्यात काँग्रेसचं सरकार असतानाचा. तेव्हा अशा बंदीवरूनसुद्धा पक्षाचं नाव झटकन सांगता येत नाही. माणसाच्या डब्यावरून तर मुळीच नाही.

आणि आपल्या वसईचंच पाहा ना. इथं शुक्रवारी मांस वर्ज्य करून मासळी खाणारे ख्रिस्ती आहेत. श्रावणात मांस-मासळी न खाणारे आणि त्याआधी गटारीलाच भरपाई करून घेणारे आहेत. मासेमारीची बंदी उठून नारळी पौर्णिमा झाली की जीव भांड्यात पडणारे पाचूबंदर-अर्नाळ्याचे कोळी आहेत. वारली पाड्यावर मांस मिळेल तेव्हा खातात, कारण रोज परवडत नाही. पाहणीत त्यांची नोंद मांसाहारी म्हणून होते, पण वर्षातले बहुतेक दिवस भात आणि रानभाजीवर जातात. २००९ मध्ये महापालिका झाली, गावं तिच्यात घालायची की नाही यावर रान पेटलं आणि त्याच प्रश्नावर वसईची विधानसभेची जागा फिरली. त्या लढ्यात ख्रिस्ती होते, आगरी होते, कोळी होते. गावात कुणाच्या घरी काय शिजतं, याची विचारपूस तेव्हा कुणी केली नव्हती. पाणी, जमीन आणि घरपट्टी यांची मात्र केली होती. इथल्या मतदारानं आजवर मत ठरवलं ते बहुधा याच गोष्टींवर.

तुमच्या सोबत्यांच्या चेष्टेत वाईट हेतू दिसत नाही, तेव्हा मनाला लावून घेऊ नका. पण हाच अंदाज इतर ठिकाणी त्रास देतो, हे त्यांना जरूर सांगा. 'फक्त शाकाहारी' अशी अट घालून भाड्याचं घर नाकारणारा मालक आणि शाकाहारी माणूस दिसला की त्याला जातीयवादी ठरवणारा मित्र, दोघंही समोरच्याला न विचारता त्याच्याबद्दल निकाल देतात. पहिल्याच्या निकालानं कुणाचं घर जातं, दुसऱ्याच्या निकालानं मैत्री. विकत घेतलेल्या घराच्या बाबतीत एवढं तरी लक्षात ठेवा, की पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारण्याचा अधिकार महाराष्ट्राच्या सहकार कायद्यानं गृहनिर्माण संस्थेला दिलेला नाही. आणि असा नकार मिळाला तर निबंधकाकडे अपील करता येतं.