सासूबाईंची वडी की सुनेची पावडर?

प्रश्न : आमच्याकडे बोअरचं पाणी. सासूबाई साबणाच्या वडीनं घासूनच धुतात; मी मशीन लावते. दोघींच्याही धुण्यात पांढरे कपडे मळकटच राहतात. चूक कोणाची?
– एक वाचक, बीबी (ता. लोणार)

उत्तर : बहुधा पाण्याची! काळ्या खडकातलं बोअरचं पाणी अनेकदा जड असतं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून चिकट साका बनवतं. फेस येत नाही आणि साका कापडात बसतो. पावसाच्या पाण्यात तीच वडी लावून पाहा, फरक कळेल. डिटर्जंट पावडरीवर हा परिणाम कमी होतो. इथे तुमची बाजू बरोबर.

मात्र कॉलर, बाह्यांच्या कडा आणि शेतातली काळी माती यांसाठी सासूबाईंचं ऐका : माती वाळू द्या, झटका, मग हातानं घासा आणि नंतरच मशीनमध्ये टाका. सुती पांढरे कपडे भिजवताना बादलीत चमचाभर धुण्याचा सोडा घाला. पाणी मऊ होतं. लोकर-रेशमाला तो नको. लोणार सरोवराच्या खारातून पूर्वी सोडा काढत, त्यामुळे तुमच्या तालुक्याला तो परका नाही. पावडर मोजून घाला आणि कपडे दोन पाण्यांतून खळबळून काढा.