आजचं चिंतन: मोबाइल, मजूर आणि मन (गीता, अध्याय 3)



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय 3, श्लोक 6, श्लोक 12 ते 16 आणि श्लोक 36 ते 43. गीता हाताशी असेल तर आधी एवढे श्लोक सावकाश वाचा. अर्थासकट वाचा. मग पुढे या.

कर्मयोग म्हटलं की आपल्याला फळाची आशा न धरण्याची शिकवण आठवते आणि आपण तिथेच थांबतो. पण तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी दोन फार कडक शब्द वापरले आहेत. सहाव्या श्लोकात 'मिथ्याचारी' आणि बाराव्या श्लोकात 'चोर'. गंमत म्हणजे हे शब्द कुठल्या राक्षसासाठी नाहीत. तुमच्या-आमच्यासारख्या साध्या, वरून नीट दिसणाऱ्या माणसांसाठी आहेत. ज्याचे हात गप्प आहेत पण मन विषयातच फिरतंय, तो मिथ्याचारी. आणि ज्याला खूप काही मिळालं, त्याने ते उपभोगलं, पण परत काहीच दिलं नाही, तो चोर.

आज हे दोन्ही शब्द आपल्या हातातल्या मोबाइलला लावून बघूया.

श्लोक 12 ते 16: चोर कोणाला म्हटलंय?

इथे भगवंत एका चक्राबद्दल बोलतात. अन्नापासून जीव, पावसापासून अन्न, यज्ञापासून पाऊस आणि कर्मापासून यज्ञ. या चक्रातून सगळे घेतात, म्हणून सगळ्यांनी त्यात परत घालायचं असतं. जो फक्त स्वतःपुरतं शिजवतो तो पाप खातो, असं तेराव्या श्लोकाचं म्हणणं. आणि जो हे चक्र पुढे फिरवत नाही त्याचं जगणं सोळाव्या श्लोकात व्यर्थ ठरवलंय.

आमचं देऊळघाट पैनगंगेच्या काठचं. कापूस-सोयाबीनचा मुलूख. या चक्रात यंत्र कसं शिरलं ते आमच्या बुलढाणा जिल्ह्याने फार लवकर पाहिलं. 1870 साली जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा झाला, व्हाइसरॉय लॉर्ड मेयोने त्याचं उद्घाटन केलं. हा फाटा कशासाठी? कापसासाठी. वऱ्हाडचा कापूस गिरण्यांपर्यंत लवकर पोचावा म्हणून. धोतर नेसणाऱ्याला तो कापूस कोणी वेचला हेही दिसत नव्हतं आणि सूत कोणी कातलं हेही दिसत नव्हतं.

तिकडे मुंबईत 1856 पासून कापडगिरण्या सुरू झाल्या होत्या. काम उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. आठवड्याची ठरलेली सुट्टी नाही. कारखान्यांचा पहिला कायदा 1881 साली आला. त्यात काय होतं माहितीये? सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घेऊ नये, आणि त्यावरच्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलांकडून नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये. म्हणजे आठ वर्षांचं पोर नऊ तास गिरणीत उभं असलं, तर ते कायद्याने चालत होतं!

हे बदललं कसं? आपोआप नाही बदललं. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. मागण्या बघा: आठवड्यात एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत, काम करताना इजा झाली तर भरपाई. 10 जून 1890 ला रविवारची सुट्टी मान्य झाली. रविवार म्हणजे आपल्या खंडोबाचा वार. आज आपण ज्या रविवारी निवांत उठून हरिपाठ करतो किंवा वेब सिरीज बघतो, तो रविवार कोणीतरी भांडून मिळवलेला आहे.

आता मोबाइलकडे येऊ. बॅटरीत कोबाल्ट लागतं. जगातलं निम्म्याहून जास्त कोबाल्ट काँगो या एका देशातून येतं, आणि तिथल्या काही खाणींत लहान मुलं राबताना आढळली आहेत. हे लांबचं वाटतंय? मग जवळचं बघा. डिसेंबर 2020 मध्ये कर्नाटकात कोलारजवळ नरसापूरला, जिथे आयफोन जोडले जायचे त्या विस्ट्रॉनच्या कारखान्यात कामगारांनी तोडफोड केली. तोडफोड चूकच. पण पगाराच्या तक्रारी खऱ्या होत्या, काही कामगारांना योग्य पगार वेळेवर मिळाला नव्हता, हे नंतर कंपनीनेच मान्य केलं. लोखंड्यांची 1884 ची मागणी आठवा. त्यानंतरच्या वर्षी, डिसेंबर 2021 मध्ये, तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरच्या फॉक्सकॉन कारखान्यातल्या मुलींना वसतिगृहाच्या जेवणातून विषबाधा झाली. दीडशेहून जास्त जणींना दवाखान्यात न्यावं लागलं. मुली रस्त्यावर बसल्या तेव्हा लोकांना कळलं की आपला महागडा फोन जोडणारी मुलगी कशा खोलीत झोपते आणि काय जेवते.

कोणी म्हणेल, "दादा, कारखाना नसता तर त्या मुलींना नोकरीच मिळाली नसती." खरंय. आपल्या बुलढाण्याची कितीतरी पोरं आयटीआय करून वाळूज, चाकण, रांजणगावला लाइनवर उभी आहेत आणि त्यांच्या पगारावर गावाकडचं घर चालतंय. भगवंतही कर्म सोडा असं म्हणत नाहीत. ते म्हणतात, घेतलंस ना? मग परत काय दिलंस? इथे 'चोर' या शब्दाचा अर्थ 'वापरणारा' असा नाही. 'घेऊन विसरणारा' असा आहे.

श्लोक 6: "मी तर कुणाला हातही लावला नाही"

आता दुसरा शब्द. हा जरा जास्त टोचतो.

लग्न झालंय. बायको किंवा नवरा शेजारी झोपलाय. आणि पांघरुणाखाली मोबाइलचा उजेड. जुन्या वर्गमैत्रिणीचा मेसेज, ऑफिसमधल्या कोणाची 'गुड नाइट', इन्स्टावर ओळख झालेलं कोणीतरी. सुरुवात साधीच असते. मग नाव बदलून नंबर सेव्ह होतो. मग चॅट रोज डिलीट होऊ लागतं. विचारलं तर उत्तर तयार: "नुसतं बोलतोय. भेटलो पण नाही कधी."

सहावा श्लोक नेमका याच उत्तराबद्दल आहे. हात-पाय आवरले, पण मनाने तेच चघळत बसलं, तर भगवंत त्याला संयम म्हणत नाहीत. त्याला स्वतःचीच फसवणूक म्हणतात. आदल्या अध्यायात, दुसऱ्यातल्या 62-63 श्लोकांत, याची पायरी-पायरीची उतरण दिली आहे: विषयाचं चिंतन, त्यातून ओढ, ओढीतून हाव, हाव अडली की राग, रागातून भ्रम, मग आपण कोण आहोत याचा विसर, आणि शेवटी बुद्धीचा नाश. बघा, पहिली पायरी 'कृती' नाही. पहिली पायरी 'चिंतन' आहे. रात्री साडेबाराला उघडलेलं चॅट म्हणजे ती पहिली पायरी.

काही जण कायद्याकडे बोट दाखवतात. 27 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने व्यभिचाराचं कलम 497 रद्द केलं, हे खरं. पण का केलं ते वाचा. त्या कलमात बायको म्हणजे नवऱ्याची मालमत्ता अशी समजूत होती, म्हणून ते गेलं. घटस्फोटासाठी व्यभिचार हे कारण आजही आहे. पोलीस दारात येणार नाहीत याचा अर्थ विश्वास तुटला नाही, असा होत नाही. आणि आता तर जबाबदारी जास्तच आली. भीतीने नाही, मनापासून प्रामाणिक राहायचं आहे.

या धंद्याची दुसरी बाजूही बघा. ॲशली मॅडिसन नावाची एक कॅनडातली साइट होती, खास लग्न झालेल्यांच्या लफड्यांसाठी. 2015 मध्ये ती हॅक झाली आणि 3 कोटींहून जास्त खात्यांची माहिती उघड्यावर आली. तेव्हा काय बाहेर पडलं? 'माहिती कायमची पुसून देतो' म्हणून कंपनी 19 डॉलर घ्यायची, आणि घेऊनसुद्धा माहिती ठेवून द्यायची. आणि कितीतरी पुरुषांशी गोड बोलणाऱ्या 'बायका' मुळात बायकाच नव्हत्या. ती कंपनीने बनवलेली खोटी खाती होती. घरी खरं माणूस वाट बघतंय, आणि हा एका प्रोग्रामच्या प्रेमात! 'मिथ्याचार' शब्दातलं 'मिथ्या' याहून वेगळं काय असणार?

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. मैत्री म्हणजे बेइमानी नव्हे. लग्न झालं म्हणून बोलणंच बंद करायचं, असं इथे कोणी म्हणत नाहीये. ओळखायची खूण एकच: लपवावं लागतंय का? जे चॅट जोडीदारासमोर मोठ्याने वाचता येतं, त्याची काळजी नको. आणि उलटंही तितकंच खरं. संशयाने जोडीदाराचा फोन चोरून तपासणं, लोकेशन लावून ठेवणं, हीसुद्धा विश्वासाची चोरीच आहे.

दोन्हीत एकच चूक

कारखान्यातली मुलगी आणि शेजारी झोपलेला जोडीदार, यांचा काय संबंध?

दोघंही पडद्याआड गेले आहेत. एक पडद्यामागे, एक पडद्यापलीकडे. ज्याच्या कष्टावर किंवा विश्वासावर आपण उभे आहोत, तेच माणूस आपल्याला दिसेनासं झालंय. अडतिसाव्या श्लोकात धुराने झाकलेली आग आणि धुळीने माखलेला आरसा अशा उपमा आहेत. आरसा फुटलेला नाही. पुसला की परत दिसणार आहे.

आणि अर्जुनाचा छत्तिसाव्या श्लोकातला प्रश्न तर आपलाच आहे: इच्छा नसतानाही माणूस जणू कोणी जबरदस्ती केल्यासारखा पापाकडे का ओढला जातो? "पाच मिनिटं बघतो" म्हणत तासभर स्क्रोल करणाऱ्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. उत्तरात भगवंत कामाला आणि क्रोधाला शत्रू म्हणतात. तो कितीही खाल्लं तरी न भरणारा आहे, आणि त्याचं ठाणं इंद्रियं, मन आणि बुद्धी या तीन ठिकाणी आहे. म्हणून सुरुवात इंद्रियांपासून करा, असं एकेचाळिसावा श्लोक सांगतो. म्हणजे आपल्या भाषेत, डोळा आणि अंगठा! मोठमोठे संकल्प नंतर.

आजचा अभ्यास

1. घरी कामाला येणाऱ्या मावशींना आठवड्याची सुट्टी आहे का? पगार न कापता? सोसायटीच्या वॉचमनकाकांना? लोखंड्यांनी 1884 मध्ये मागितलेलं आपल्या घरात अजून पोचलंय का, ते आज बघा.

2. ऑफिसमध्ये तुमच्या सहीने किंवा शब्दाने कोणाचा पगार, बिल, ओव्हरटाइम अडत असेल, तर तो या आठवड्यात मार्गी लावा. हाही यज्ञच आहे.

3. फोन चालतोय तोवर चालवा. बिघडला तर दुरुस्त करा. फक्त नवीन मॉडेल आलं म्हणून बदलू नका.

4. रात्री झोपताना फोन दुसऱ्या खोलीत. गजर हवा असेल तर साधं घड्याळ घ्या.

5. लपवावं लागणारं एखादं चॅट सुरू असेल, तर आज थांबवा. नुसतं डिलीट नको, संपवा. समोरच्या व्यक्तीलाही स्पष्ट, सन्मानाने सांगा. मग जोडीदाराशी बोला. एकट्याने जमत नसेल तर समुपदेशकाची मदत घ्या, त्यात लाज नाही.

पाचवा मुद्दा वाचून कोणाचं मन जड झालं असेल, तर नवव्या अध्यायातले श्लोक 30-31 वाचा. वाट चुकलेला माणूस निश्चयाने वळला, तर भगवंत त्याला साधूच मानायला सांगतात. दार बंद नाही.

आजची प्रार्थना एवढीच: पांडुरंगा, ज्यांच्या हातांनी माझं जगणं घडलं ते हात मला दिसू दे. ज्याने माझ्यावर विश्वास टाकला, त्याच्या डोळ्यांत मला सरळ बघता येऊ दे. आणि माझा अंगठा चुकीच्या जागी जाईल, तेव्हा तुझं नाव आधी आठवू दे.

उद्या याच अध्यायातला श्लोक 21 घेऊ: मोठी माणसं वागतात तसं बाकीचे का वागतात.

राम कृष्ण हरी!